पास्कूला कमी करण्याचा ठराव

परवा दुपारी जेवून जरा आडवा होतोय तोवर फोन वाजला. बाईचा आवाज, रेकॉर्ड केलेला. "नमस्कार, आम्ही मतदारांचं मत जाणून घेत आहोत. सरकारने कर कमी करावेत असं आपल्याला वाटतं का? होय असल्यास एक दाबा, नाही असल्यास दोन दाबा." मी झटकन एक दाबला. कर कमी करू नका म्हणणारा माणूस अजून आईच्या पोटी यायचा आहे. लगेच दुसरा प्रश्न आला. "सरकारी कामाचा पसारा आणि नोकरांची संख्या कमी करावी असं आपल्याला वाटतं का?" इथे मात्र माझं बोट हवेतच राहिलं. बाईने पुन्हा विचारलं आणि शेवटी कंटाळून फोन बंद केला. बायको आतून म्हणाली, "कोणाचा होता हो फोन?" मी म्हटलं, "पास्कूचा." ती हसायला लागली, कारण तिला सगळं ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला भारदस्त नाव दिलंय म्हणतात, पण आमच्या वेळी ग्रामसेवक, आणि लोकांच्या तोंडी भाऊसाहेब. ज्यांनी कधी खेड्यात दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दिल्लीत एक सरकार असतं, मुंबईत एक असतं, ओरोसला जिल्ह्याचं असतं, मालवणला तालुक्याचं असतं आणि ही सगळी सरकारं घरंगळत घरंगळत जिथे येऊन टेकतात तिथे एका पत्र्याच्या टेबलामागे ग्रामसेवक बसलेला असतो. मूल जन्मलं, त्याच्याकडे. म्हातारं गेलं, त्याच्याकडे. शेजाऱ्याचा माड आपल्या कौलांवर झुकला, त्याच्याकडे. मोकाट बैलाने जावयाला शिंग मारलं, तरी त्याच्याचकडे. बैल सरकारचा नसतो हे मी पुष्कळदा समजावून पाहिलं.

आणि वर्षाकाठी एकदा हाच माणूस दारात उभा राहून घरपट्टी मागतो. मग त्याला चहासुद्धा मिळत नाही.

घरपट्टी म्हणजे घरावरचा कर. घर जेवढं मोठं आणि पक्कं तेवढी जास्त. त्यामुळे वसुलीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावरची भलीभली घरं एकाएकी लहान होतात. मंगलेश म्हणून एकजण होता, बंदरवाडीतला. समुद्राला लागून त्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, पुढे झोपाळे टांगले, पाटी रंगवली. मी मोजणीला गेलो तर म्हणतो, "भाऊसाहेब, ह्यो गोठो आसा."

"गोठ्याक एसी कित्याक रे?"

"म्हशीक उकाडो सोसणा नाय."

"म्हस खंय आसा?"

"चराक गेली." आणि तेवढ्यात आतून पुण्याच्या एक बाई टॉवेल गुंडाळून गरम पाणी मागत बाहेर आल्या. मंगलेश जराही चपापला नाही. मी मात्र मान खाली घालून फूटपट्टी शोधायला लागलो.

दोन भाऊ होते, एका घराच्या मधोमध भिंत घालून राहणारे. मधली भिंत कोणाच्या घरपट्टीत धरायची यावर त्यांचं इतकं जुंपलं, की थोरला म्हणाला, भिंतच पाडून टाकतो. धाकटा म्हणाला, पाड, मग तुझं तोंड रोज बघावं लागेल, त्यापेक्षा घाल माझ्या नावावर. माझ्या सगळ्या नोकरीत आपणहून कर वाढवून घेणारा तेवढा एकच भेटला.

ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव मी सांगणार नाही. आचऱ्याच्या अलीकडे आहे आणि देवबागच्या पलीकडे आहे, एवढ्यावर समाधान मानून घ्या. नाव छापलं तर गावातले निम्मे लोक माझ्यावर केस करतील आणि उरलेले साक्षीला येतील. कोर्टाची पायरी चढायला आमच्याकडे कोणी घाबरत नाही, उलट त्या निमित्ताने मालवणात जाऊन बाजार होतो.

या गावचं सरकार म्हणजे एकूण चार माणसं. सरपंच सुलभावहिनी, मी, एक क्लार्क आणि पास्कू.

पास्कूचं काम नळपाण्याचं. टेकडीवर टाकी, टाकीखाली दोन व्हॉल्व्ह. एक फिरवला की वरच्या वाडीला पाणी, दुसरा फिरवला की बंदरवाडीला. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावायचे, सकाळी बंद करायचे, हेही त्याच्याकडेच. आता तुम्हाला वाटेल, की मी कोणा साध्याभोळ्या, कामसू माणसाची आरती ओवाळणार आहे. छे! पास्कू महा आळशी. सकाळी पाणी कधी सोडायचं हे त्याच्या झोपेवर ठरे. व्हॉल्व्हच्या चाकाला तेल घाल म्हटलं तर "फाल्यां घालतंय" म्हणायचा, आणि त्याचा फाल्यां म्हणजे उद्या कधी उजाडल्याचं मला आठवत नाही. पावसात तर यायचाच नाही. "भाऊसाहेब, माका रेनकोट देवा, मगे येतंय." रेनकोटची मागणी त्याने मी रुजू झालो त्या दिवशी केली होती. वर कळवलं होतं. वर म्हणजे कुठे ते विचारू नका.

तर अशा या पास्कूच्या नावाने रोज सकाळी गावात बोंब उठे. वरच्या वाडीतल्या कमळकाकी हातात रिकामी कळशी घेऊन पाणंदीत उभ्या राहत आणि तिथून टाकीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावत. "मेल्या पास्क्या, खंय उलथलंस रे? कोंबडो आरवान दमलो तरी पाणी नाय!" मग दुसऱ्या घरातून, मग तिसऱ्या. शिमग्यात बोंब मारायची मुभा सगळ्या कोकणाला असते, या गावाला ती बारमाही होती. पास्कू बिडी ओढत सगळं ऐके आणि सावकाश चाक फिरवी.

अशात आप्पा गावात राहायला आले. सगळा जन्म मुंबईत एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. निवृत्त झाल्यावर वरच्या वाडीत बंगला बांधला. माणूस सज्जन, अंगणात चप्पल काढून येणारा, पण बोलणं छापील. मालवणी येत असून बोलायचे नाहीत. त्यांना बंगल्याची घरपट्टी कळवली तसे ते ऑफिसात आले आणि खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "भाऊसाहेब, तत्त्वाचा प्रश्न आहे. आम्ही कर का द्यायचा? कर कमी करा आणि सरकार लहान करा. जगभर हाच विचार चाललाय."

मी म्हटलं, "आप्पा, आमचं सरकार चार माणसांचं. याहून लहान करायचं तर कोणाला करू?"

"ते लोक ठरवतील," आप्पा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून ते खरोखरच छत्री घेऊन घरोघर लोकांचं मत विचारत फिरायला लागले. एका दुपारी मलाही बरोबर ओढलं, सरकारी साक्षीदार म्हणून.

पहिल्या घरी कमळकाकी. आप्पांनी विचारलं, "घरपट्टी कमी व्हावी असं वाटतं का?"

"होय तर! ह्यां काय इचारणां?"

"आणि पंचायतीचा पसारा कमी व्हावा का?"

"सगळो कमी करा. पयलो तो पास्कू काडा." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या दारातलो दिवो तेवढो ऱ्हवंदे हां. रातचा माका दिसणा नाय."

मंगलेश तर झोपाळ्यावरच बसला होता, गोठ्याच्या पुढ्यात. म्हणाला, "आप्पानू, तुमी बोलतास तां एकदम बरोबर. सरकारान आमच्या मधे येवचाच नाय." मग तो माझ्याकडे वळला आणि आवाज चढवला. "काय वो भाऊसाहेब, जेटीचा काय झाला? कचऱ्याची गाडी येणा नाय, रस्त्यार पाटी नाय, पर्यटक चुकान भलतीकडे जातत. सरकार खंय आसा?"

असं गावभर फिरलो. एकही घर असं निघालं नाही की ज्याला घरपट्टी अर्धी नको होती, आणि एकही असं निघालं नाही की ज्याला पंचायतीकडून आणखी काहीतरी नको होतं. मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत. सरकार लहान करायचं म्हणजे पास्कूला काढायचं. आप्पा खूश झाले. त्यांनी ठरावाचा मसुदाच करून आणला: घरपट्टी अर्धी करावी आणि नळपाणी कर्मचारी कमी करावा.

मी पास्कूला बोलावून सांगितलं. तो हसलाच आधी. मग माझा चेहरा बघून खाली बसला. "भाऊसाहेब, माका काडल्यार मी करू काय? माका दर्या लागता."

दर्या लागतो म्हणजे होडीत बसलं की पोट ढवळतं, ओकारी येते. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला याहून मोठा शाप नाही. त्याचा बाप, भाऊ, सगळे मच्छीमार, आणि हा एकटा जमिनीवर. ना शेत ना बाग. मुलगी रोझी बाहेरगावी राहून नर्सिंग शिकत होती, ती याच तुटपुंज्या मानधनावर. मला वाईट वाटलं. माणूस कामचुकार होता हे खरं, पण होता आमचा.

आता ग्रामसभेचं सांगतो. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. एरवी तिला कोणी येत नाही. पुरेशी माणसं नाहीत म्हणून ती तहकूब करायची आणि नंतर आहेत तेवढ्यांत उरकायची, हा आमचा शिरस्ता. पण या खेपेला घरपट्टीचा विषय म्हणून गाव लोटलं. नेमकी पंचायतीच्या छपराची दुरुस्ती चाललेली, म्हणून सभा ठेवली ग्रामदेवतेच्या देवळात, सभामंडपात. तिथेच सगळा घोटाळा झाला.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी हात जोडून देवापुढे उभा राहतो आणि खणखणीत आवाजात गावाचं सगळं सुखदुःख देवाच्या कानावर घालतो. तो प्रत्येक वाक्याला थांबतो आणि मागे उभा असलेला सगळा गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" काय मागितलंय हे कोणी नीट ऐकत नाही. वाक्य संपलं की तोंडातून आपोआप निघतं. आमच्या गावात हा मान तात्या घाडींचा. वय झालेलं, पण आवाज असा की बंदरावरची माणसं वळून बघत.

सभेच्या दिवशी सुलभावहिनींचा घसा बसला होता. सरपंचांनी ठराव वाचायचा, पण त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. मी वाचणार तर लोक ओरडले, "भाऊसाहेब नको, तो पास्कूच्या बाजून आसा!" तेव्हा वहिनींनी खुणेने तात्यांना पुढे केलं. तात्या उठले, चष्मा लावला, आप्पांचा कागद हातात घेतला. समोर गाव, पाठीमागे गाभारा. जन्मभराची सवय! तात्यांनी गाभाऱ्याकडे तोंड केलं, कागद दोन्ही हातांत धरून हात जोडले आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप दणाणला.

"आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे गोळा झाली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या डोक्यावयलो घरपट्टीचो भार अर्धो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नळपाण्याचो कामगार पास्कू, तेका कामावरसून कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता सांगू? पास्कूचा. रविवारी चर्चला आणि जत्रेला देवळात, दोन्हीकडे तो न चुकता हजर असायचा आणि गाऱ्हाण्याला त्याच्याइतका खच्चून ओरडणारा दुसरा नव्हता. तो खांबाला टेकून उभा होता, हात जोडलेले, डोळे मिटलेले. स्वतःच्याच नोकरीला त्याने मनापासून "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

कागद इथे संपला होता. पण गाऱ्हाण्यात नुसतं कमी कर, कमी कर म्हणून कसं चालेल? मागणं लागतंच. तात्यांना चेव आला होता.

"पण नळाक पाणी दोनी टायम येवंदे, रस्त्यावयले दिवे पेटतेच ऱ्हवंदे, कचऱ्याची गाडी दाराकडे येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो कोण हेच्या आड येयत, तेका तुझो रस्तो दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे शेवटचं बहुधा माझ्यासाठी होतं. मीही म्हटलं. देवळात उभा होतो ना मी सुद्धा!

सगळ्या मंडपात एकच माणूस गप्प होता. हाताची घडी घालून उभे असलेले आप्पा. हे असलं काही त्यांना पटत नसे. म्हणजे ज्यांचा ठराव, ते सोडून सगळ्या गावाने ठराव मंजूर केला.

मी उभा राहून म्हटलं, अहो, हा ठराव धरू नका, रीतीप्रमाणे हात वर करा, पुन्हा मत घेऊ. पण सगळे गंभीर झाले होते. तात्या म्हणाले, "भाऊसाहेब, देवासमोर शबूद गेलो. आता तो फिरना नाय." घरपट्टी अर्धी करायचा अधिकार गावाला आहे का, हे मला तालुक्याला विचारावं लागणार होतं. पण देवाने ऐकल्यावर तालुक्याला कोण विचारतो? पास्कू डोळे उघडून इकडेतिकडे बघत होता. त्याला हळूहळू समजत गेलं. संध्याकाळी त्याने टाकीच्या किल्ल्या ऑफिसात माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि गेला.

मग गावाचा कारभार लहान सरकारवर सुरू झाला. आप्पांनी उपाय काढला, की घराघराने पाळीपाळीने पाणी सोडावं. सरकार कशाला हवं, आपण आहोत ना! पहिली पाळी त्यांनी स्वतः घेतली. खुर्ची आणि छत्री घेऊन टाकीखाली बसले, घड्याळ लावून. दोन्ही वाड्यांना समान न्याय मिळावा म्हणून त्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडले. पाण्याचा जोर विभागला आणि न्याय अगदी समान झाला, दोन्हीकडे थेंबही आला नाही. मंगलेशच्या पाळीला पाणी सकाळभर बंदरवाडीत, कारण त्याच्याकडे पाहुणे उतरलेले. वरच्या वाडीतल्या पाळीला ते सगळं वरच. तात्यांना चाक फिरेना, म्हणून त्यांनी त्याला गाऱ्हाणं घातलं. रस्त्यावरचे दिवे बंद करायला कोणाचीच पाळी नव्हती, ते भर दुपारी उन्हात पेटलेले. घरपट्टी तर अर्धीही कोणी भरेना. "आधी अर्धी म्हंजे किती तां ठरवा," म्हणायचे.

पाणी पास्कूच्या वेळीही वेळेवर येत नव्हतं. मग बिघडलं काय? बिघडलं ते वेगळंच. कमळकाकी कळशी घेऊन पाणंदीत आल्या, नेहमीप्रमाणे छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं, तोच कोणी तरी म्हणालं, आज आप्पांची पाळी. आप्पा पडले त्यांचे चुलतदीर. "दिराक गाळी कशी घालूची?" म्हणत काकी तोंड मिटून घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी पाळी भाच्याची, तिसऱ्या दिवशी व्याह्यांची. गावात कोण कोणाचा कोणी लागत नाही? शिव्या पोटात साचायला लागल्या. आणि साचलेल्या शिव्या बाहेर पडल्या त्या भलत्याच ठिकाणी. मंगलेशची बहीण वरच्या वाडीत दिलेली. तिची सासू रोज टोमणे मारायला लागली, "तुझ्या भावाक पाण्यात बुडवन ठेवा, आमी मरतंव हय तानेन." एका सकाळी ती पोर पिशवी भरून, रडत रडत माहेरी आली. नळाच्या पाण्यावरून बायको माहेरी गेली, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच बघितलं.

आणि पास्कू? मंगलेशनेच त्याला पर्यटकांच्या होडीवर कामाला घेतलं होतं, डॉल्फिन दाखवायला नेतात त्या. स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून घेतलं असेल. पहिल्याच फेरीत पास्कूने होडीच्या काठावर जे डोकं टेकलं ते किनारा येईपर्यंत उचललं नाही. डॉल्फिन आले आणि गेले. पर्यटकांनी फोटो काढले ते पास्कूचेच. त्या संध्याकाळी तो ऑफिसात आला. चेहरा हिरवट, केस खारट पाण्याने चिकटलेले. बाकावर बसला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, रोझीक सांगा नको. तिका वाटता मी आजून टाकीर आसंय." मी नुसता चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मंगलेश आला, मागोमाग कमळकाकी. दोघांचंही म्हणणं एकच. पास्कूक परत घेवा. मी म्हटलं, देवासमोर शब्द गेलाय ना? मग सगळे तात्यांकडे. तात्या डोळे मिटून म्हणाले, "गाराण्यान बांदलेला गाराण्यानच सोडूचा लागता." झालं, पुन्हा ग्रामसभा, पुन्हा देऊळ. पण या खेपेला मी आणि सुलभावहिनींनी तात्यांच्या घरी जाऊन अट घातली. वहिनींचा घसा आता सुटला होता आणि त्या चांगल्याच सुटल्या होत्या. "तात्यानू, पास्कू हवो तर घरपट्टी पयल्यासारखी. दोनी एकाच दमात मागा. अर्ध्या घरपट्टीत अर्धो पास्कू येतलो, खयचो अर्धो होयो तां सांगा."

सभेला पुन्हा गाव लोटलं. पास्कू मागे, त्याच खांबाला टेकून. तात्यांनी सूर लावला. लेकरांची चूक पोटात घाल रे म्हाराजा, व्हय म्हाराजा. पास्कूक परत कामार घे रे म्हाराजा, व्हय म्हाराजा! केवढा आवाज! माहेरी आलेली मंगलेशची बहीण पण ओरडली. मग तात्यांनी खाकरून घेतलं.

"आनी तेच्यासाठी घरपट्टी पूर्वीसारखी, पुरी, वेळेर भरण्याची बुद्धी दी रे म्हाराजा!"

मंडपात चिडीचूप.

तात्यांनी पुन्हा म्हटलं, जरा हळू. कोणी हूं की चूं नाही. इतकी वर्षं ते गाऱ्हाणं घालत होते, त्यांच्या मागचा गाव असा कधी मुका झाला नव्हता. मी मागे बघितलं. पास्कूने डोळे उघडले होते आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मंगलेश छताकडे बघत होता. कमळकाकी पदराचं टोक चावत होत्या. संपलं, म्हटलं. पास्कू कोणाला नको असं नाही, पण फुकट हवाय.

आणि तेवढ्यात पुढून, एकट्याचाच, फाटका पण खणखणीत आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

आप्पा! हाताची घडी सुटलेली, हात जोडलेले, मान खाली. सगळा गाव आ वासून बघायला लागला. आप्पांनी मागे वळून, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांदेखत शुद्ध मालवणीत आवाज चढवला. "काय बघतास माझ्या तोंडाक? फाल्यां माझी पाळी आसा! माका तां चाक फिरणा नाय! भरतंय मी घरपट्टी, बोला व्हय!"

मग काय! मंडप असा दणाणला की कौलावरचे पारवे उडाले. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा! आप्पांनी तोंड फोडल्यावर मागे कोण राहणार? गप्प होता तो फक्त पास्कू. वहिनींनी विचारलं, "काय रे, तू कित्याक बोलणस नाय?"

"मागच्या वेळेक बोललंय तां नडला," पास्कू म्हणाला. "पयलो रेनकोट बोला."

तात्या तयारच होते. "पास्कूक रेनकोट मेळंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी पास्कूसकट. रेनकोट पुढे खरंच मिळाला, पाऊस संपता संपता. त्याचं मानधन मात्र मी निवृत्त होईपर्यंत तेवढंच राहिलं, ते कोणाला गाऱ्हाण्यात घालायचं सुचलं नाही. मलाही नाही सुचलं. रोझी नर्स झाली हे तेवढं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर ऑफिसात गेलो. वाटलं, आज तरी गडी वेळेवर पाणी सोडेल. कसलं काय! सूर्य चांगला वर आला तरी नळ कोरडे. आणि मग वरच्या वाडीतून तो आवाज उठला. "मेल्या पास्क्या, खंय उलथलंस रे?" कमळकाकींचा आवाज कित्येक दिवसांनी असा मोकळा लागला होता. मागोमाग दुसरं घर, तिसरं घर, मग खालून बंदरवाडी. मंगलेशची बहीण आदल्या रात्रीच सासरी पोचली होती, ती आणि तिची सासू अंगणात शेजारी शेजारी उभ्या राहून एका सुरात ओरडत होत्या. सगळं गाव मिळून पास्कूचा उद्धार करत होतं.

थोड्या वेळाने पास्कू किल्ल्या खुळखुळवत ऑफिसच्या दारात आला. डोळे झोपेने सुजलेले, की आणखी कशाने, मला कळलं नाही. "आयकलास, भाऊसाहेब? सगळे माझ्याच नावान बोंबलतत!"

मला भरून आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी टेबलावर हात आपटला आणि जितका चढवता येईल तितका आवाज चढवला. "बोंबलतले नाय तर काय करतले? खंय मेललंस इतको वेळ? जा, पाणी सोड आधी!"

"व्हय म्हाराजा!" पास्कू म्हणाला, आणि सावकाश टेकडी चढायला लागला.